भागीचे घोडे कशाने मेले?

‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही म्हण आपल्याकडे भागीदारीविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. कुणी मित्राबरोबर धंदा काढायचे म्हटले की घरातले वडीलधारे तीच ऐकवतात. पण म्हण नीट वाचली तर तिच्यात लबाड माणूस एकही नाही. घोडे कुणी चोरले नाही, दुसऱ्याच्या नकळत विकलेही नाही. त्याच्या दुखण्याकडे कुणी पाहायचे आणि औषधाचे पैसे कुणी द्यायचे, एवढेच ठरलेले नव्हते. प्रत्येक मालकाला वाटले, दुसरा बघेल.

आपल्याकडे भागीदारी फुटली की बोलणे मात्र माणसांच्या स्वभावाभोवतीच फिरते. एक म्हणतो, माणूस ओळखायला चुकलो. दुसरा म्हणतो, मराठी माणसाला भागीदारी जमतच नाही. तिसरा, जरा व्यवहारी, म्हणतो की सगळे कागदावर घ्यायला हवे होते. त्याच्या डोळ्यांसमोरचा कागद म्हणजे बँकेत खाते उघडण्यापुरते करून घेतलेले, नुसती नावे बदललेले चार पानी भागीदारीपत्र. हा वाद पिढ्यान् पिढ्या याच तीन वाक्यांत अडकला आहे. माझे म्हणणे असे आहे की बहुतेक भागीदाऱ्या लबाडीने फुटत नाहीत. दोन प्रामाणिक माणसांच्या दोन वेगळ्या, कधीच न बोललेल्या समजुती एके दिवशी समोरासमोर येतात आणि भागीदारी फुटते. या समजुती कोणत्या, हे आधीपासून माहीत असते, कारण त्या प्रत्येक धंद्यात जवळपास त्याच असतात: कामाचा मोबदला, पैशाचा मोबदला, उचल, निर्णय, बाहेर पडताना हिश्श्याची किंमत, आणि मृत्यू. त्या पहिला रुपया गुंतवण्याआधी आकड्यांत ठरवता येतात. आणि तेव्हाच ठरवायला हव्यात, कारण उद्या आपण सोडून जाणारा असू की मागे राहणारा, हे त्या दिवशी दोघांनाही ठाऊक नसते.

काहीच ठरवले नाही तर काय होते? काहीच ठरले नाही असे होत नाही. कायद्याने ठरवलेले लागू होते. भारतीय भागीदारी कायदा १९३२चा आहे आणि त्याच्या तेराव्या कलमातले नियम फार कमी भागीदारांनी वाचलेले असतात. वेगळे ठरले नसेल तर धंद्यात राबणाऱ्या भागीदाराला पगार नाही. नफा-तोटा सगळ्यांत सारखा, मग भांडवल कुणी कितीही घालो. भांडवलावर व्याज हवे असेल तर ते करारात असले पाहिजे, आणि तेही नफ्यातूनच मिळते. ठरल्यापेक्षा जास्तीचे पैसे कुणी फर्मला दिले तर त्यावर वर्षाला ६ टक्के. आपल्याकडचा जुना विचार याच्या नेमका उलट होता. याज्ञवल्क्यस्मृतीत ‘संभूयसमुत्थान’, म्हणजे एकत्र येऊन केलेला व्यापार, असे स्वतंत्र प्रकरण आहे. लाभ आणि तोटा ज्याच्या त्याच्या द्रव्याप्रमाणे, ‘यथा वा संविदा कृतौ’, किंवा जसा करार झाला असेल तसा, असे ते सांगते. मनाई केलेले, न सांगितलेले किंवा निष्काळजीपणाने केलेले काम ज्याच्या हातून होऊन नुकसान होईल त्याने ते भरून द्यावे; संकटातून माल वाचवणाऱ्याला दहावा हिस्सा जास्त. परदेशी गेलेला भागीदार तिकडेच वारला तर त्याचे द्रव्य कुणाकडे जाईल, हेही लिहिलेले आहे. दोन कायदे, दोन वेगळे मूळ नियम: एक म्हणतो पैशाप्रमाणे, दुसरा म्हणतो सारखे. सहमती फक्त एका मुद्द्यावर आहे, की आपसांत ठरवले असेल तर ते आधी. मग जी गोष्ट दोन्हीकडे तुमच्यावर सोपवलेली आहे, ती आपण ठरवतच नाही, हा दोष स्वभावाचा कसा?

आकडे घालून पाहू. एकाने २० लाख रुपये घातले, दुसऱ्याने पूर्ण वेळ आणि हातातली कला. पहिल्या वर्षी १२ लाख नफा झाला. काहीच ठरलेले नसेल तर सहा-सहा लाख. पैसे घालणारा म्हणतो, जोखीम सगळी माझी, बुडाले असते तर माझे. राबणारा म्हणतो, हेच काम दुसरीकडे केले असते तर महिन्याला पन्नास हजार घरी आले असते. म्हणजे माझ्या कष्टाचे पैसे वजा जाता धंद्याने मला शून्य दिले. दोघेही खरे बोलतात. आता तोच नफा क्रमाने वाटू. आधी भांडवलावर १२ टक्के व्याज, २ लाख ४० हजार. मग राबणाऱ्याचा पगार महिना ५० हजारांप्रमाणे ६ लाख. उरले ३ लाख ६० हजार, ते निम्मे-निम्मे. पैसे घालणाऱ्याला ४ लाख २० हजार, राबणाऱ्याला ७ लाख ८० हजार. कुणाला किती मिळाले यापेक्षा मोठी गोष्ट ही की कुठला रुपया कशाबद्दल मिळाला हे दोघांना दिसले. पुढच्या वर्षी राबणाऱ्याने काम कमी केले तर पगाराबद्दल बोलता येईल, हिश्श्याला हात न लावता. पैसे घालणाऱ्याने पाच लाख काढून घेतले तर व्याज आपोआप कमी होईल. आणि नफा फक्त ३ लाख झाला तर? व्याज दिल्यावर ६० हजार उरतात. पगार तोटा सोसून द्यायचा, अर्धा द्यायचा, की पुढच्या वर्षासाठी बाकी ठेवायचा? हे एक वाक्य भागीदारीपत्रात नसते म्हणून पहिल्याच वाईट वर्षी बोलाचाल बंद होते. करासाठीही याच गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात: भांडवलावरचे व्याज १२ टक्क्यांपर्यंतच खर्च म्हणून मान्य होते, आणि पगारही करारपत्रात त्याची रक्कम किंवा ती काढायची रीत दिलेली असेल तरच. १ एप्रिल २०२५पासून भागीदाराला वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त पगार, व्याज वगैरे दिले तर फर्मला पैसे देतानाच १० टक्के कर (टीडीएस) कापून सरकारकडे भरावा लागतो. वर्षभर गल्ल्यातून लागेल तसे उचलायचे आणि मार्चनंतर सीएने त्याला पगाराचे नाव द्यायचे, ही सवय आता महाग पडते.

विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा विश्वासाचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. पूर्वी शब्दावर धंदे चालत, आजही बाजारात लाखोंचा माल चिठ्ठीवर जातो, आणि ज्या मित्राबरोबर उभे राहायचे त्याच्याशी ‘तू सोडून गेलास तर’ हे पहिल्याच बैठकीत बोलणे जिवावर येते. खरे आहे. पण शब्दावर चालणारे ते धंदे न ठरवता चालत होते का? शेत अर्धेलीने द्यायचे तर बियाणे कुणाचे, खताचा खर्च कसा, कडबा कुणाला, हे त्या गावात सगळ्यांना माहीत असायचे. पिढ्यान् पिढ्यांच्या वहिवाटीने ते ठरवून ठेवले होते. लिहायची गरज नव्हती, कारण अख्खे गाव साक्षीला होते. भिशीत पैसे विश्वासावर जातात, पण कुणाची पाळी कधी, आधी उचलणाऱ्याने किती सोडायचे, हे पहिल्या महिन्यातच ठरते. गावातल्या दूध सोसायटीला उपविधी असतात, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि त्यामुळे आपल्यावर संशय घेतला असे कुणा दूध उत्पादकाला वाटत नाही. जिथे वहिवाट तयार आहे तिथे शब्द पुरतो. क्लाउड किचन, डिजिटल मार्केटिंगची एजन्सी, सीएनसी मशीन भाड्याने घेऊन चालवलेले वर्कशॉप, यांना वहिवाट कुठे आहे? ग्राहकांचे फोन नंबर ज्याच्या मोबाइलमध्ये आहेत ते त्याचे की फर्मचे, हे कुठल्या आजोबांनी ठरवून ठेवले आहे? नव्या धंद्यात वहिवाट आपल्यालाच घालावी लागते. ती मोडायला निघालेला माणूस कोण, हा प्रश्न तिच्यानंतर येतो.

इतिहासात याचे फार सुंदर उदाहरण आहे. जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनाचे पेटंट ब्रिटिश संसदेने १७७५मध्ये कायदा करून १८००पर्यंत वाढवले. त्याच वर्षी वॅट आणि बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांची भागीदारी सुरू झाली, आणि मुदत ठरली पंचवीस वर्षे, म्हणजे पेटंट संपेपर्यंत. बोल्टनचा वाटा दोन-तृतीयांश, वॅटचा एक-तृतीयांश, प्रयोगांचा आणि भांडवलाचा भार बोल्टनवर, आराखडे काढणे आणि पाहणी करणे वॅटकडे, हिशेब दरवर्षी. वॅट चिंता करणारा, पैशाच्या व्यवहाराला घाबरणारा. बोल्टन धाडसी, उधारीवर मोठे डाव खेळणारा. स्वभाव जुळण्यावरच भागीदारी टिकत असती तर ही जोडी दोन वर्षांत फुटायला हवी होती. ती ठरलेल्या वर्षापर्यंत चालली, १८००मध्ये दोघे बाजूला झाले आणि दोघांच्या मुलांनी धंदा पुढे नेला. उलट जर्मनीतल्या हेर्त्सोगेनाउराखमधले डास्लर बंधू: एक कारखाना, सख्खे भाऊ, आणि १९४८मध्ये अशी फूट की एकाच गावात आदिदास आणि प्यूमा हे दोन कारखाने उभे राहिले. रक्ताच्या नात्याने जे झाले नाही, ते बर्मिंगहॅममध्ये मुदत, वाटा आणि वार्षिक हिशेबाने झाले.

यावर कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की मोठ्यांतल्या मोठ्या वकिलांनी लिहिलेले करारही भांडणे टाळू शकले नाहीत. उत्तर भारतात मॅकडोनाल्ड्स आणि तिथली त्यांची दुकाने चालवणारे विक्रम बक्षी यांची भागीदारी १९९५पासून निम्मी-निम्मी होती. २०१३मध्ये बक्षींना व्यवस्थापकीय संचालकपदावरून काढले आणि तडजोड व्हायला २०१९ उजाडले. मधल्या काळात दिल्लीतली कितीतरी दुकाने बंद पडली. इंडिगो या विमान कंपनीत राहुल भाटिया आणि राकेश गंगवाल या दोन संस्थापकांतला वाद २०१९मध्ये उघड झाला. समभाग विकण्यावरची एकमेकांची बंधने कंपनीच्या नियमावलीतच होती, आणि डिसेंबर २०२१मध्ये भागधारकांच्या सभेत ती काढून टाकल्यावरच बाहेर पडायची वाट मोकळी झाली. दोन्हीकडे करार जाडजूड होते. पण कराराची जाडी आणि आधीचा विचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकत्र असताना अधिकार कुणाचे, यावर पानेच्या पाने लिहिली जातात; वेगळे होताना किंमत कोण, किती दिवसांत, कुठल्या रीतीने ठरवणार, यावर ‘वाजवी बाजारभाव’ एवढे दोन शब्द. त्या दोन शब्दांत सगळे भांडण मावते. हिरो आणि होंडा १९८४मध्ये एकत्र आले, डिसेंबर २०१०मध्ये वेगळे होण्याचे जाहीर केले. होंडाने आपला २६ टक्के हिस्सा हिरोच्या मालकांना दिला आणि जुने तंत्रज्ञान व नाव किती काळ वापरता येईल याची मुदत ठरली. वेगळे झाल्यावर दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी राहिले, तरी कारखान्यांची धडधड थांबली नाही.

म्हणून लहान धंद्याने सर्वांत जास्त वेळ बाहेर पडण्याच्या कलमावर घालवावा, आणि इथे मी थोडा सविस्तर जाणार आहे. हिश्श्याची किंमत काढायची रीत अशी लिहा की दहावी शिकलेल्या माणसाला ताळेबंद समोर ठेवून ती स्वतः काढता यावी. उदाहरणार्थ, सुधारित निव्वळ मालमत्ता अधिक मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याची दुप्पट. ‘सुधारित’ म्हणजे काय हेही लिहा: सहा महिन्यांहून जुना न खपलेला माल निम्म्या किमतीने, सहा महिन्यांहून जुनी उधारी हिशेबात न धरता, वसूल होईल तशी वाटून, जागा सरकारमान्य मूल्यांककाच्या दराने, सरासरी नफा भागीदारांचे पगार वजा करून. अशी मालमत्ता ४० लाख आणि सरासरी नफा ८ लाख असेल तर ४० अधिक १६, एकूण ५६ लाख. निम्म्या भागीदाराचे २८ लाख. मग द्यायची रीत: ७ लाख नव्वद दिवसांत, उरलेले २१ लाख बारा तिमाही हप्त्यांत, म्हणजे दर तिमाहीला १ लाख ७५ हजार आणि ठरलेले व्याज. हप्ते का? कारण एकरकमी पैसे मागितले की फर्म मशीन विकते, आणि मशीन विकले की दोघांचेही बुडते. व्याज का? कारण ते लिहिले नाही तर कायद्याच्या सदतिसाव्या कलमाप्रमाणे, हिशेब न मिटवता धंदा चालू ठेवला तर जाणाऱ्याला दोन पर्याय उरतात: आपल्या मालमत्तेच्या वापरातून झालेला नफा सिद्ध करून मागणे, किंवा वर्षाला ६ टक्के. नफा सिद्ध करायचा तर वह्या दुसऱ्याच्या ताब्यात असतात. ६ टक्के घ्यायचे तर बँकेच्या कर्जापेक्षा स्वस्तात पैसे वापरायला मिळतात, मग मागे राहिलेल्याने घाई का करावी?

जाणाऱ्यांतही फरक करायला हवा. आजारपणाने जाणारा आणि शेजारी तेच दुकान टाकायला जाणारा यांना एकच किंमत का? ठरावीक काळ, ठरावीक भागात तोच धंदा न करण्याची वाजवी अट भागीदारांना घालता येते. छत्तिसावे कलम तशी मुभा देते. ‘कधीही, कुठेही नाही’ असे लिहाल तर टिकणार नाही. ‘दोन वर्षे, या तालुक्यात’ असे लिहाल तर टिकण्याची शक्यता पुष्कळ. आणि दोघांपैकी एकाचे योगदान पुढे होणाऱ्या कामाचेच असेल तर हिस्सा पहिल्या दिवशी पुरता देऊ नका. सॉफ्टवेअर कंपन्यांतली रीत इथे उपयोगी आहे: चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हिस्सा पिकतो, म्हणजे हक्काचा होत जातो, पहिले वर्ष पुरे होण्याआधी सोडले तर काहीच नाही. सात महिन्यांत नोकरी धरून परदेशी गेलेल्या मित्राकडे पन्नास टक्के राहिले की मागे राहिलेला पुढची दहा वर्षे त्याच्यासाठी राबतो.

निम्मी-निम्मी भागीदारी आपल्याला न्यायाची वाटते. मतभेद झाला की तिच्यात निर्णयच होत नाही, हे कायद्यानेही सुटत नाही, कारण नेहमीचे निर्णय बहुमताने आणि धंद्याचे स्वरूप बदलायचे तर सर्वानुमते, हा नियम दोघांत निरुपयोगी आहे. त्यावर क्षेत्रे वाटून घेणे हा पहिला उपाय: खरेदी व उत्पादनात एकाचा शब्द शेवटचा, विक्री व वसुलीत दुसऱ्याचा. पन्नास हजारांवरच्या खर्चाला दोघांची संमती, कर्ज आणि जामीन कितीही रकमेचा असला तरी दोघांच्या सह्या, नातेवाईक नोकरीला ठेवायचा तरी दोघांचा होकार. शेवटचा उपाय जुन्या वाटणीतला आहे: एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. एक भागीदार किंमत सांगतो. दुसऱ्याने त्या किमतीला घ्यायचे किंवा द्यायचे. सांगणारा आपोआप वाजवी सांगतो. यात एक खोट आहे आणि ती झाकू नये: ज्याच्या हाताशी रोकड आहे तो पडत्या काळात कमी किंमत सांगून दुसऱ्याला बाहेर काढू शकतो. म्हणून पैसे उभे करायला किमान १२० दिवस द्या आणि पहिली तीन वर्षे हे कलम वापरता येणार नाही असे लिहा.

‘कोर्टात वीस वर्षे जातात, मग कागदाचा काय उपयोग?’ हा प्रश्न रास्त आहे, पण तो कागदाला कोर्टाशी बांधतो. बहुतेक वेगळे होणे टेबलावर मिटते. तिथे घासाघीस कुठून सुरू होणार, हे लिहिलेली रीत ठरवते. रीत असेल तर दोघे २८ लाखांच्या आसपास बोलतात. नसेल तर एक १० वर आणि दुसरा ६० वर अडून बसतो. तरीही मिटले नाही तर आधी मध्यस्थी, मग लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणारा पंच. आपल्या भागीदारीपत्रांत हमखास आढळणारे वाक्य, ‘वाद झाल्यास आमचे सीए देतील तो निर्णय अंतिम’, आता धोक्याचे आहे. लवाद कायद्यात २०१५मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर एखाद्या पक्षाशी सल्लागाराचे नाते असलेला माणूस लवाद होऊ शकत नाही. वाद उपजल्यावर दोघांनी लेखी मान्य केले तरच. वाद उपजल्यावर दोघे कशावरही सही करतील का? आणि फर्मची नोंदणी करून ठेवा. ती सक्तीची नाही, पण भागीदारी कायद्याच्या एकोणसत्तराव्या कलमाप्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला बाहेरच्यावर, आणि भागीदाराला फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर, करारातल्या हक्कासाठी दावा लावता येत नाही. महाराष्ट्राने १९८४मध्ये याहून कडक दुरुस्ती केली होती: नोंदणी नसेल तर बहुतेक फर्मच्या भागीदारांना हिशेबाचा आणि विसर्जनाचा दावाही बंद. सर्वोच्च न्यायालयाने ती २००९मध्ये घटनाबाह्य ठरवली, कारण मालमत्ता ज्याच्या ताब्यात तो तिचा धनी, असे त्यातून व्हायला लागले होते. सरकारला दंडा उगारून लोकांना आधी विचार करायला लावता येत नाही, हे मला मान्य आहे.

ज्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही ती गोष्ट नावांची. दुकानाचा भाडेकरार, ट्रेडमार्क, वेबसाइटचे नाव, जीएसटी पोर्टलचा ओटीपी जाणारा मोबाइल, गूगलवरची दुकानाची नोंद, ऑर्डर येणारा व्हॉट्सअॅप नंबर: सुरुवातीला ज्याचा मोबाइल हाताशी होता त्याच्या नावावर सगळे जाते. पाच वर्षांनी धंद्याचा गळा त्याच्याच हातात असतो. यासाठी फर्मच्या नावाचे एक सिमकार्ड आणि एक ईमेल पहिल्याच आठवड्यात घ्या. तसेच बँकेचे. भागीदार निवृत्त झाला तरी आधीच्या देण्यांतून तो आपोआप सुटत नाही. बँकेने मान्य करावे लागते आणि त्याने दिलेला वैयक्तिक जामीन वेगळा सोडवून घ्यावा लागतो. जाहीर सूचना दिली नाही तर निवृत्तीनंतरच्या व्यवहारांतही तो अडकतो. वर्तमानपत्रातली ती चार ओळींची सूचना पैसे वाचवायला टाळली जाते आणि नंतर लाखांत पडते.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो: करार बहुधा ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा वकील लिहितो, आणि राबणारा भागीदार न वाचता सही करतो. अशा करारापेक्षा करार नसलेला बरा, असेही कधी वाटते. म्हणून क्रम बदला. वकिलाकडे जाण्याआधी दोघांनी वेगवेगळे बसून तेच प्रश्न कागदावर सोडवावेत: घरी महिन्याला किती लागतात, धंदा तीन वर्षांत केवढा व्हावा, अजून दहा लाख लागले तर कोण आणि कशाच्या बदल्यात देणार, मुलगा शिकून आला तर तो नोकर की भागीदार, मी दोन वर्षांनी कंटाळलो तर काय. मग कागद शेजारी ठेवा. जिथे उत्तरे वेगळी आली तिथेच तुमचे भांडण आहे, आणि ते आज फुकटात मिळाले आहे. त्यावरून साध्या मराठीत दोन पाने लिहा, एकमेकांच्या खुर्चीवर बसून वाचा, आणि मगच वकील. दोघांचा मिळून एक नको, राबणाऱ्याने आपला वेगळा करावा, फी फर्मने द्यावी. हे कायम जखडून टाकते असे वाटत असेल तर दरवर्षी ताळेबंदावर सही करतानाच हिश्श्याची त्या वर्षीची किंमत रीतीप्रमाणे काढून, पुरवणीपत्रावर लिहून दोघांनी सही करावी. पगार, मर्यादा, क्षेत्रे, जे बदलायचे ते तिथेच बदलावे.

मृत्यूबद्दल बोलायला आपण सर्वांत जास्त कचरतो, आणि दोघांच्या फर्ममध्ये सर्वांत मोठी चूक इथेच होते. बेचाळिसाव्या कलमाप्रमाणे भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. ‘वारसाला घेऊन फर्म चालू राहील’ असे लिहून ते टाळता येते, म्हणून प्रत्येक भागीदारीपत्रात ते वाक्य असते. पण ते तीन किंवा अधिक भागीदार असतील तरच उपयोगी पडते. दोघांतला एक गेला की फर्म उरतच नाही, कारण एकट्याची भागीदारी असू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६५पासून सांगितले आहे. वारसाला घ्यायचे तर नवा करार करावा लागतो, तोही तेराव्यानंतर, रडणाऱ्या घरात. म्हणून आधीच तिसरा भागीदार घ्या, लहान हिश्श्याचा का असेना. किंवा एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी करा, जी भागीदाराच्या मृत्यूने संपत नाही, मात्र सहा महिन्यांच्या आत दुसरा भागीदार आणावा लागतो. वारसांना धंद्यात यायचे नसेल तर त्यांना त्याच रीतीने किंमत मिळावी, आणि त्या किमतीइतका दोघांचा मुदत विमा असावा, म्हणजे मागे राहिलेल्याला मशीन विकायला लागू नये. दर वर्षी सही केलेल्या त्या किमतीच्या पुरवणीपत्राची एक प्रत घरी द्या. भागीदाराच्या पत्नीला बँकेत, सीएकडे आणि दुकानात जाऊन आपल्या नवऱ्याचे किती होते हे विचारत फिरावे लागू नये. तिच्या हातात दोघांच्या सहीचा आकडा असावा.